पाठीला वाढलेलं ताट

मी दौंडची. पुण्याला विद्यापीठात शिकवते, पण राहते दौंडलाच, रेल्वे कॉलनीला लागून. सकाळच्या डेमूनं जायचं, संध्याकाळच्या डेमूनं परत यायचं. मी नेमकं काय शिकवते हे आमच्या आळीत अजून कुणाला उमगलेलं नाही. शेजारीण एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही पोरांना शिनेमा काढायला शिकवता व्हय?" मी म्हटलं, लिहायला शिकवते. "मंग काढतं कोण?" म्हटलं, तीच पोरं. "मंग तुम्ही काय करता?" आता या प्रश्नाला उत्तर असतं तर मी कुलगुरू नसते झाले?

माझ्या विषयाचं नाव लांबलचक आहे. नव्या माध्यमांसाठी पटकथा आणि कथन. म्हणजे मोबाइलच्या उभ्या पडद्यावर बघायची मालिका, नुसती कानानं ऐकायची गोष्ट, आणि डोळ्यांवर हेडसेट बांधून बघायची चहूबाजूंची फिल्म. पोरं या शेवटच्या प्रकारावर तुटून पडतात. त्यांना वाटतं, यंत्र भारी म्हणजे गोष्ट भारी. पी हळद अन् हो गोरी. मी पहिल्याच तासाला त्यांचा उत्साह मोडून काढते. मी फटकळ आहे, ते सगळ्यांना माहीत आहे.

या चहूबाजूंच्या फिल्मचा कॅमेरा म्हणजे मुठीएवढी वस्तू. ती काठीवर उभी करायची. तिला पुढं डोळा आणि मागंही डोळा. खोलीतलं सगळं ती एकदम टिपते. त्यामुळं कॅमेऱ्यामागं उभं राहणं हा प्रकारच संपला. दिग्दर्शकानं एकतर फिल्ममध्ये दिसायचं, नाहीतर खोलीबाहेर जाऊन बसायचं. आणि हेडसेट घालणारा माणूस बरोबर त्या काठीच्या जागी जाऊन बसतो. मान वळवेल तिकडचं त्याला दिसतं. म्हणून मी पोरांना एकच प्रश्न विचारत राहते, बघणारा कोण आणि तो कुठं बसलाय? एका पोरानं कॅमेरा थेट पंख्याच्या उंचीला लावला होता. मी म्हटलं, "पालीची गोष्ट आहे का बाबा?" वर्ग हसला. तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. पुढच्या खेपेला कॅमेरा मात्र खाली आला.

दुसरा एक नियम आहे. ज्याची गोष्ट, त्याला ती आधी दाखवायची. परीक्षकांच्या आधी, वर्गाच्या आधी, माझ्या आधी म्हटलं तरी चालेल. माणसाचं घर उचलून आणायचं आणि त्यालाच पत्ता लागू द्यायचा नाही, हे मला पटत नाही.

केंदूरची एक मुलगी माझ्या वर्गात होती. मागच्या बाकावर बसायची, कमी बोलायची, आणि बोलली की गावचंच बोलायची. पुण्यात येऊन दोन महिन्यांत जीभ बदलणारी पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत. ही बदलली नाही, म्हणून ती मला आधीपासून आवडत होती. वर्षाच्या शेवटच्या कामासाठी तिनं जे लिहून आणलं त्यात गोष्ट नव्हतीच. नुसती एक खोली होती. एका टोकाला गॅसचा ओटा, दुसऱ्या टोकाला भिंत. भिंतीवर कॅलेंडर, मोबाइलचा चार्जर, दाढीचा आरसा. भिंतीसमोर पाट. ओट्यापाशी आई भाकरी थापतेय. संपलं.

मी म्हटलं, "हे काय? सामानाची यादी?"

"हाय तेच लिहिलंय मॅडम."

"बघणारा कोण?"

"आप्पा."

तिचे वडील वर्षापूर्वी गेले होते, एवढं मला ठाऊक होतं. म्हटलं, "अगं, ते नाहीत ना आता."

"म्हणूनच की," ती म्हणाली, आणि मग डबा खायच्या सुट्टीत, रिकाम्या वर्गात तिनं मला सगळं सांगितलं.

वडील कारेगावला कंपनीत होते. शिफ्ट करून उरलेल्या वेळात शेती. माणूस तसा सरळ. पोरगी बारावी झाल्यावर त्यांनी स्थळ पाहिलं, कंपनीतल्याच ओळखीचं. बोलणी झाली, सुपारी फोडायचा दिवस ठरला. पाहुणे आले, पडवीत सतरंजीवर बसले. आणि आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तो ट्रे खाली ठेवला आणि चारचौघांत म्हणाली, "पोरीला शिकायचंय. आत्ता सुपारी न्हाई." पाहुणे चहाला न शिवता उठले.

"आप्पा काय म्हणाले?"

"कायच न्हाई. तेच तर. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्या दिवसापासून नवरा-बायकोत अबोला. आधी ते ओट्याकडं तोंड करून जेवायला बसायचे, आई भाकरी टाकता टाकता त्यांच्याशी बोलायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाट उचलला, पार दुसऱ्या भिंतीला नेला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मग रोज तसंच. पोरगी घरात असली की तिच्यातर्फे बोलणं. "सांग तुझ्या आईला, आज सेकंड शिफ्ट हाय." पोरगी पुण्याला आल्यावर तेही संपलं. मग म्हणे म्हशीशी बोलायचे. गोठ्यात उभं राहून मोठ्यानं म्हणायचे, "उद्या औषध मारायचंय गं बाई, डबा लवकर लागंल." घरात ऐकू जायचं. डबा लवकर व्हायचा. हे सांगताना पोरगी हसली, मीही हसले.

"आईला ते नुसतं 'आगं' म्हणायचे मॅडम. नावानं कवाच न्हाई. त्यो शब्दच गेला घरातनं."

वडील गेले ते पहाटेच्या शिफ्टला निघताना. उंबऱ्यात बसून बूट घालत होते, तिथंच कलंडले. आई मागं डबा घेऊन उभी होती. तिला तेव्हाही पाठच दिसली.

"ती म्हणती, मी तीन वर्सं पाठीला वाढलं आन् शेवटी पाठच बघितली. त्यांनी राग सोडला न्हाई. तवापासनं रातचं जेवत न्हाई ती. दिवसा दोन घास खाती, रातच्याला न्हाईच. वाळून चाललीय. आन् जिच्यापायी हे झालं ती मी, हितं पटकथा लिहितीय."

मला सांत्वन जमत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "कॅमेरा पाटावर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला लाव. इंचभर वर नको. आणि तो आरसा काढून ठेव. आरशात कॅमेरा दिसतो, सगळं ढोंग उघडं पडतं."

आठवड्यानं ती चित्रण करून आली. आरसा काढला नव्हता. म्हणाली, आई त्यांच्या कुठल्या वस्तूला हात लावू देत नाही. मी चिडले. मग लॅपटॉपवर तपासलं, तर आरशात कॅमेरा दिसतच नव्हता. आरसा तिरका टांगलेला होता, एक कड भिंतीपासून पुढं आलेली. म्हटलं, चला, नशीब. कामच झालं. आणि तो विषय मी तिथंच सोडला.

मग मी हेडसेट घातला. मी या कामात मुरलेली, त्यामुळं घातल्या घातल्या मान वळवली आणि मागं ओट्याकडं पाहिलं. बाई पाठमोरी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज, बाहेर कुठं ट्रॅक्टर. बराच वेळ दुसरं काही नाही. मग तिनं एक ताट घेतलं. भाकरी, कालवण, कांदा, ठेच्याचं बोट. ताट घेऊन ती चालत माझ्याकडं आली, वाकली आणि माझ्यापुढं ठेवलं. म्हणजे काठीपुढं. पाण्याचा तांब्या ठेवला. मग परत गेली आणि ओट्याला टेकून खाली बसली. तिनं स्वतःला वाढून घेतलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली.

"मी सांगितलं नव्हतं मॅडम," पोरगी म्हणाली. "मी बाहेर गोठ्यात होते. तिला फक्त म्हणलं होतं, रोजच्यासारखा सैपाक कर."

मी हेडसेट काढला आणि चष्मा पुसत बसले. रडू आलं होतं, उगाच का लपवा. इतक्या वर्षांत वर्गातल्या कुणाच्या कामानं मला असं रडवलं नव्हतं.

"आता नियम," मी म्हटलं. "आईला दाखवून ये."

ती पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. "मॅडम, तिला ती पाठ विसरायचीय, आन् मी तिला त्यांच्याच जागी बसवू? काय झालं तिला मग? नापास करा मला, चालंल."

आता खरं सांगते, तिचं म्हणणं मला पटलं होतं. नियम मी केलेला, पण नियमाला माणसाचं काळीज कुठं माहीत असतं? दाखवलं आणि ती बाई आणखी खचली तर? आणि न दाखवता परीक्षकांपुढं ठेवलं, तर तिनं नवऱ्यापुढं ठेवलेलं ताट चार परक्या माणसांनी गुण देण्यासाठी बघायचं. तेही माझ्यानं बघवलं नसतं. दोन दिवस डेमूत मला दुसरं काही सुचलं नाही. शेवटी मी तिला फोन केला. "मी येते बरोबर. आईला आधी विचारू. नको म्हणाली तर तिथंच पुसून टाकू, आणि तू मला दुसरं काहीतरी लिहून दे."

शनिवारी दुपारची एसटी धरून मी शिरूरला उतरले. ती स्कूटर घेऊन स्टँडवर उभी होती. हायवेला कारेगावपाशी कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ता अडवलेला, शिफ्ट सुटलेली. पाठीवर सॅक टाकलेली पोरं रस्ता ओलांडत होती, फोनवर हिंदीत घरच्यांशी बोलत. तिनं मान न वळवता हातानं एक थांबा दाखवला. "आप्पा हितनं बस धरायचे."

आई पडवीतच उभी होती. माझ्याच वयाची असेल, पण गालाची हाडं वर आलेली. पाणी दिलं, चहा टाकला, "येवढ्या लांबनं आलात मॅडम, आन् आमची ही पोरगी तुम्हाला स्कूटरवर घेऊन आली," म्हणून लेकीला दोन शब्द सुनावले. मी तिला सरळ सांगितलं. "ताई, हिनं जे काढलंय ते तुमच्या मालकांच्या जागेवरनं काढलंय. ते डोळ्याला लावलं की तुम्ही त्यांच्या पाटावर बसल्यासारखं होतं. त्रास होईल असं वाटत असलं तर नको. जबरदस्ती नाही."

ती पदराशी चाळा करत राहिली. "त्या पाटावर कुणी बसलं न्हाई तवापासनं," ती म्हणाली.

"माहितीय."

"मी ताट ठेवलेलं दिसतंय का त्यात?"

"दिसतंय."

"सवयीनं हात गेला ओ. मागनं माझी मलाच लाज वाटली." तिनं हातातला पदर सोडला. "लावा. बघू तरी, त्यांना तिथनं काय गोड वाटत व्हतं."

आम्ही तिला पडवीतच बसवलं, सतरंजीवर, मांडी घालून. उन्हं कलली होती. लेकीनं हेडसेट बांधला, केसांचा अंबाडा सांभाळून. तिच्या डोळ्यांपुढं जे दिसेल ते आम्हाला लॅपटॉपवर दिसत होतं. फिल्म सुरू झाली. पडद्यावर भिंत आली. कॅलेंडर, चार्जर, आरसा. भाकरी थापल्याचा आवाज. आणि चित्र तिथंच थांबलं, हललंच नाही.

माझ्या लक्षात आलं, मान वळवायची असते हे तिला सांगायचंच राहिलं. एवढं सगळं समजावलं आणि मुख्य तेच विसरलो! बाई नाकासमोर बघत ताठ बसली होती. मी लेकीकडं डोळे वटारले आणि म्हटलं, "ताई, मागं वळून बघा. मान वळवा. तुम्ही मागं आहात, ओट्यापाशी."

"थांबा."

"अहो, या बाजूनं..."

"थांबा म्हणते ना मॅडम." आवाज एकदम बारीक झाला होता. "मी हितं म्होरंच हाय की."

मला कळेना. लेक लॅपटॉपवर वाकली. मग तिनं बोट ठेवलं. भिंतीवर तो दाढीचा आरसा, तिरका. त्यात ओटा होता. गॅसची निळी ज्योत होती, आणि बाजूनं दिसणारी तिच्या आईची मान, कान, खालीवर होणारा हात. सगळं हाताच्या तळव्याएवढं, पण स्वच्छ. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरूनच दिसेल असं. मी हेच चित्रण पाहिलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण मी लगेच मान वळवली होती. आप्पांना मान वळवायची नव्हती. अबोला होता ना.

विद्यार्थ्यानं असलं काही लिहून आणलं असतं तर मी लाल पेनानं खोडलं असतं. म्हटलं असतं, योगायोगावर गोष्ट उभी करू नकोस. आणि खरंच, मला काय ठाऊक? खिळा सैल होऊन आरसा कलला असेल. त्यांनी तो मुद्दाम तसा टांगला, हे सांगायला ते नाहीत. पण पाटावर बसून त्यात त्यांचं स्वतःचं तोंड दिसत नव्हतं, एवढं मी लॅपटॉपवर तपासून बसले होते. दाढीला तो कामाचा नव्हता.

"ह्यो आरसा मोरीपाशी व्हता," आई म्हणाली. ती आमच्याशी बोलत होती की नाही कोण जाणे. "दाढी तिथंच करायचे. पाट हलवला तवाच ह्यो पण हितं आणला. मी म्हणलं, आता दाढी पण भिंतीकडं तोंड करून करणार व्हय हा माणूस. मनात म्हणलं. बोलायचं कुठं व्हतं." तिनं हवेत हात पुढं केला, आरशाकडं. "रोज बघत व्हता. आन् मी येडी, पाठीला वाढतीय म्हणून रडत व्हते."

लेक तोंडावर ओढणी धरून बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

फिल्म चालूच होती. आरशातली बाई वळली, आरशातून बाहेर गेली. मग बाजूनं ताट आलं, पाण्याचा तांब्या आला. आईची नजर आता खाली झुकली, ताटावर. पुन्हा वर, आरशाकडं. त्यात ती परत जाऊन ओट्याला टेकून बसलेली, गुडघ्यावर हात ठेवून, समोर रिकामं.

हेडसेट डोळ्यांवर तसाच होता. खालून पाणी गालावर येत होतं, ते तिनं पुसलं नाही. त्या आरशातल्या बाईला ती त्यांच्या जागेवरून म्हणाली,

"आगं, आशी काय बसलीस? जेव की तू बी."

आणि मग चाचपडत लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "ऊठ. वाढ मला."